फुटबॉल संघ जूनमध्ये बांधा : माजी खेळाडू व समर्थकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, व्यवस्थापन मंडळ
मा. प्राचार्य
जिमखाना समिती

विषय : महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाची घसरण आणि ती थांबवण्यासाठी आमच्या मागण्या

महोदय,

यंदाही आपला संघ विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडला. हार-जीत खेळात चालायचीच. आम्हाला हे पत्र लिहावे लागले ते सामना ज्या रीतीने हातचा गेला त्यामुळे. मध्यंतरापर्यंत बरोबरी होती. उत्तरार्धात शेवटची वीसेक मिनिटे उरली असताना आपल्या दोन्ही बगलांच्या बचावपटूंच्या पोटऱ्यांत गोळे आले. राखीव खेळाडूंच्या बाकावर तीनच मुले, आणि त्यांतल्या एकाच्या पायात मित्राकडून मागून आणलेले बूट. फुटबॉलच्या नियमांत आता पाच बदली खेळाडूंची सोय आहे. आपल्याकडे बदलायला पाच माणसेच नव्हती. समोरच्या संघाने हे ओळखले आणि चेंडू मुद्दाम दोन्ही बगलांनी खेळवत आपल्या दमलेल्या मुलांना पळवले. दोन्ही गोल तिथूनच झाले. मैदानाबाहेर येताना ती मुले मान वर करत नव्हती. ती कमी पडली असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्यांच्याकडून तयारीच करून घेतलेली नव्हती.

हे कोल्हापुरात घडते याची आम्हाला जास्त टोचणी आहे. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या इथल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात आणि हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरून वाहते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावे इथल्या शाळकरी पोराला पाढ्यांआधी पाठ असतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, हेही विसरून चालणार नाही. गुणी पोर कोल्हापूर देते. रोजच्या शिस्तबद्ध सरावासाठी त्याला गाव सोडावे लागते. आपले महाविद्यालय ही उणीव थोडी तरी भरून काढू शकते, आणि आमचे सगळे म्हणणे यातूनच आले आहे.

आपल्याकडे प्रवेश घेतलेली कितीतरी मुले तालीम संघांकडून खेळतात. तिथे ती ईर्ष्येने, डोके शाबूत ठेवून नव्वद मिनिटे खेळतात. महाविद्यालयाची जर्सी घातली की तीच मुले बुजल्यासारखी दिसतात. पोरांना कॉलेजचे काही वाटत नाही, हे त्यावरचे नेहमीचे स्पष्टीकरण आम्हाला मान्य नाही. तालमीत हंगामाच्या कितीतरी आधी सराव सुरू होतो. कोण कुठे धावणार, कुणाला चेंडू डाव्या पायावर लागतो, हे एकमेकांना ठाऊक असते. आपल्याकडे स्पर्धेच्या आठवडाभर आधी सूचना फलकावर कागद लागतो, एका दुपारी निवड होते, ओळखपत्र आणि प्रवेशिका गोळा करण्यात दोन दिवस जातात आणि उरलेल्या वेळात अकरा जण एकत्र उभे केले जातात. त्यांतले निम्मे एरवी एकमेकांविरुद्ध खेळणारे असतात. पास द्यायला ओळख लागते. ती आठवड्यात होत नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी, की प्रवेशप्रक्रिया सुरू असतानाच, जूनमध्ये निवड चाचणी घ्यावी आणि किमान पंचवीस जणांचा चमू जाहीर करावा. आठवड्यातून चार दिवस सराव व्हावा. पावसाचे कारण सांगू नये; आपल्याकडे फुटबॉल चिखलातच शिकला जातो. आपले खेळाडू ज्या तालीम संघांत खेळतात त्यांच्या पदाधिकाऱ्यांशी बसून हंगामातल्या तारखा आधीच जुळवाव्यात. आपला मुलगा कॉलेजच्या सामन्यात दुखापत करून घेईल आणि ऐन हंगामात घरी बसेल, अशी तालमींना भीती वाटते. ती अनाठायी नाही. तेव्हा चमूतल्या प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा महाविद्यालयाने उतरवावा आणि आपल्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला प्रथमोपचाराची सोय ठेवावी. एवढे केले तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

दुसरी मागणी मैदानाची. महाविद्यालयाच्या आवारात मैदान आहे, हे आपले मोठे भाग्य. पण वर्षातले कितीतरी दिवस ते प्रदर्शनांना आणि लग्नसमारंभांना भाड्याने दिलेले असते. मांडव निघाला की डांब रोवलेले खड्डे मुरुमाने भरले जातात, आणि उत्तरेकडच्या गोलसमोर, गोलरक्षक जिथे अंग टाकतो नेमक्या त्याच जागी, मुरूम आणि खडी वर येते. आपल्या गोलरक्षकाचे कोपर आणि मांडी पाहावी, सोललेली सापडेल. खाली खडी आहे हे ज्याला माहीत आहे तो मुलगा चेंडूवर झेप कशी घेईल? गोलपोस्टना जाळी नाही. भाड्याचे उत्पन्न संस्थेला लागते हे आम्ही समजू शकतो. तरीही जून ते डिसेंबर मैदान कोणत्याही कारणासाठी भाड्याने देऊ नये, दोन्ही गोलक्षेत्रांत मुरूम काढून लाल माती व हिरवळ करावी, आणि भाड्यातला ठरावीक वाटा मैदानाच्या देखभालीलाच वापरावा, असा ठराव व्यवस्थापन मंडळाने करावा.

प्रशिक्षकाविषयी थोडे सविस्तर लिहितो. शारीरिक शिक्षण संचालकांवर आमचा रोष नाही. कबड्डीपासून मैदानी स्पर्धांपर्यंत सगळे खेळ, त्यांचे अर्ज, प्रवासाची बिले आणि शिवाय तासिका, हे सगळे एकच माणूस पाहतो. त्याने फुटबॉलचा बचाव कसा रचायचा हेही शिकवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना असलेला प्रशिक्षक सात महिन्यांसाठी मानधनावर नेमावा. मानधन वेळेवर द्यावे. गोलरक्षकांसाठी आठवड्यातून एक दिवस वेगळा मार्गदर्शक हवा, कारण गोलरक्षणाचा सराव हा वेगळाच प्रकार आहे आणि आपल्याकडे तो कधीच झालेला नाही. आमच्यातले काही माजी खेळाडू विनामूल्य मदतीला यायला तयार आहेत. मात्र आमची मदत म्हणजे प्रशिक्षक न नेमण्याची सबब होऊ नये.

अभ्यासाचा प्रश्न खेळाडूंच्या घरी रोज निघतो. सत्र परीक्षा, प्रात्यक्षिके आणि स्पर्धा एकाच सुमारास येतात. सामन्यामुळे बुडलेले प्रात्यक्षिक पुन्हा घ्यायला विभाग तयार नसतो, हजेरीत गैरहजर लागते, आणि बाप म्हणतो, खेळ बंद कर. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात खेळाला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. ते आपल्या खेळाडूंना मिळतील अशी व्यवस्था करावी, स्पर्धेचे दिवस हजेरीत धरावेत आणि बुडलेली प्रात्यक्षिके पंधरा दिवसांत पुन्हा घ्यावीत. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याचा लाभ वरच्या पातळीवरच्या स्पर्धांत चमकणाऱ्यांना मिळतो. पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघातला मुलगा आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या निवडकर्त्यांच्या नजरेलाही पडत नाही. तिथे २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. मुलाची कॉलेजची तीन-चार वर्षे वाया गेली की ती परत मिळत नाहीत.

प्रवासाचे एक उदाहरण देतो. सामना सांगली जिल्ह्यात, सकाळी नऊचा. मुले पहाटेच्या एसटीने निघाली, उभ्याने गेली, स्टँडवर वडापाव खाल्ला आणि तासाभरात मैदानात उतरली. जिमखाना फी प्रत्येक विद्यार्थी भरतो. तिचा वार्षिक जमाखर्च, खेळनिहाय, सूचना फलकावर लावावा. बाहेरगावच्या सामन्याला आदल्या दिवशी मुक्काम किंवा स्वतंत्र वाहन आणि खेळाला शोभेल असे जेवण मिळावे. बूट, मोजे, शिनगार्ड आणि गोलरक्षकाचे हातमोजे हंगामाच्या सुरुवातीलाच द्यावेत.

मुलींचा संघ नाही. कोल्हापूरच्या मुली फुटबॉल खेळतात, चांगल्या खेळतात, आणि आपल्याकडे प्रवेश घेतल्यावर त्यांचे बूट माळ्यावर जातात. येत्या वर्षी मुलींचाही संघ उतरवावा. संख्या भरणार नाही असे आधीच ठरवू नये; चाचणी जाहीर करावी आणि मग बोलावे.

शेवटी समर्थकांबद्दल. मागच्या वर्षी आपल्याच मैदानावरच्या सामन्याला फाटक बंद ठेवले गेले. कारण आम्हाला माहीत आहे. स्टेडियममधल्या हुल्लडबाजीने या शहराच्या फुटबॉलचे किती नुकसान केले, सामने कसे थांबले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण रिकाम्या मैदानात खेळून पोरांना बळ मिळत नाही. सामने खुले ठेवावेत. आमचा समर्थक संघ प्रत्येक सामन्याला आपले स्वयंसेवक देईल. कुणी शिवीगाळ केली, पंचांच्या अंगावर धावला, तर त्याला बाहेर काढण्याची जबाबदारी आम्ही लेखी घेतो. तो आमच्यातलाच असला तरीही.

या मागण्यांवर चर्चेसाठी व्यवस्थापन मंडळाने आमच्या पाच प्रतिनिधींना १५ मेपूर्वी वेळ द्यावी आणि प्रत्येक मागणीवर, मान्य असो वा अमान्य, लेखी उत्तर द्यावे. सगळे एका वर्षात होणार नाही हे आम्ही जाणतो. निवड चाचणी, प्रशिक्षकाची नेमणूक आणि गोलक्षेत्रांची दुरुस्ती या तीन गोष्टी मात्र याच जूनअखेरपर्यंत व्हाव्यात. गोलक्षेत्रांच्या मातीचा खर्च वर्गणी काढून उचलायला आम्ही तयार आहोत. मंडळाने फक्त परवानगी आणि मे महिन्यातली मोकळी तारीख कळवावी.

आपले,
माजी फुटबॉल खेळाडू व समर्थक संघाचे सर्व सभासद
कोल्हापूर