पाहुणे मोठे, घरधनी कोण?

परीक्षेला, मुलाखतीला किंवा नुसतं फिरायला मुंबईला जाणारे आपल्या जिल्ह्यातले तरुण काही कमी नाहीत. रात्री शेगावला नाही तर मलकापूरला गाडीत बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, काम उरकायचं आणि वेळ उरलाच तर गेटवेला जाऊन ताजसमोर फोटो काढायचा. ठरलेला कार्यक्रम! पुढच्या वेळी एक करा. गेटवेला जाताना वाटेत काळा घोड्याजवळ थांबा आणि एस्प्लनेड मॅन्शन कुठंय, ते विचारा. ताज उभं राहण्याच्या कितीतरी आधी मुंबईतलं सगळ्यात दिमाखदार हॉटेल तिथं होतं. वॉटसन्स हॉटेल.

जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्यानं इमारतीचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून घेतला, जहाजानं मुंबईला आणला आणि १८६७ ते १८६९ या काळात इथं जोडून उभा केला. अशा प्रकारची भारतात टिकून राहिलेली ही सगळ्यात जुनी इमारत मानली जाते. ७ जुलै १८९६ रोजी लुमिएर बंधूंचा चित्रपटाचा खेळ भारतात पहिल्यांदा दाखवला गेला, तोही इथंच. तिकीट एक रुपया, चित्रं सहा. लुमिएरचे खेळ पाहूनच सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईतली कुस्ती चित्रित केली. आज आपण मोबाईलवर रील काढतो ना, त्या धाग्याचं एक टोक या हॉटेलात आहे.

पण हॉटेल गोऱ्यांचं. जमशेटजी टाटांना इथं प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी १९०३ मध्ये ताज उघडलं, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. अनेक अभ्यासकांना ती खरी वाटत नाही. मात्र या हॉटेलातल्या वागणुकीबद्दल एका पाहुण्यानंच लिहून ठेवलंय. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत या हॉटेलात उतरला होता. आपल्या प्रवासवर्णनात तो सांगतो की, खोलीच्या दाराचं काहीतरी काम करायला एक नोकर गुडघ्यांवर बसला होता. देखरेख करणाऱ्या धिप्पाड जर्मन माणसाला ते पसंत पडलं नाही. काय चुकलं हे सांगण्याआधीच त्यानं नोकराच्या थोबाडीत मारली. नोकरानं निमूट सोसलं. ते पाहून ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचं आपलं बालपण आणि तिथल्या गुलामांना मिळणारी वागणूक आठवली.

ट्वेनचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. त्या नोकराचं नाव कोणालाच माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईतल्या हॉटेलचं आम्हाला काय? तर ऐका. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये शेअरबाजाराचा फुगा फुटला, पण शहराची भूक वाढली ती वाढलीच. १८६७ मध्ये रेल्वे आपल्या वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचली आणि त्याच सुमारास वॉटसनचा सांगाडा उभा राहू लागला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला, तो जलंब-खामगाव फाट्याचं उद्घाटन करायला. कशासाठी? तर कापसासाठी! आपल्या शेतकऱ्याचा पैसा थेट त्या हॉटेलात लागला असं कोणी म्हणणार नाही. पण ज्या भरभराटीवर त्या काळची मुंबई उभी राहिली, तिच्यात इथल्या काळ्या मातीचाही वाटा होता. त्यामुळे तिथं गेलात की परक्यासारखं उभं राहू नका.

मग एवढ्या नामांकित हॉटेलचं पुढं झालं काय? हॉटेल बंद पडलं. खोल्यांमध्ये आडभिंती पडल्या आणि लहान-लहान गाळे भाड्यानं गेले. शेजारी कोर्ट, त्यामुळे वकिलांची कार्यालयंही आली. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंमध्ये तिचं नाव घातलं. २०१९ मध्ये भाडेकरूंना बाहेर काढावं लागलं. आयआयटी मुंबईच्या अहवालात इमारत पाडायची शिफारस झाली, वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला आणि वाद कोर्टात गेला.

ताजमध्येही मोठे पाहुणे आले आणि वॉटसन्समध्येही आले. फरक पाहुण्यांचा नाही. ताजला पहिल्या दिवसापासून एकच घरधनी आहे. छत गळलं तर कोणाला विचारायचं, हे तिथं ठरलेलं आहे. वॉटसन्समध्ये मालक, भाडेकरू आणि सरकारी यंत्रणा एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि लोखंड गंजत राहिलं. प्रसिद्धीनं इमारत टिकत नाही, ती टिकते वेळेवर केलेल्या डागडुजीनं.

हे वाचून मुंबईवाल्यांना नावं ठेवायची घाई करू नका. आपल्याकडं वेगळं काय आहे? १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी, सिंदखेडराजाला, अलोट गर्दी होते. १३ तारखेला त्या राजवाड्याची आठवण किती जणांना असते? गावोगावच्या गढ्या ढासळताहेत. जुन्या जिनिंगच्या भिंतींतून पिंपळ उगवलेत. तिथं राबलेली माणसं म्हातारी झाली, काही तर गेलीसुद्धा.

म्हणून एक काम सांगतो. आपल्या गावातली एक जुनी वास्तू निवडा. वाडा असो, जिनिंग असो, धर्मशाळा असो की विश्रामगृह. तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ती कोणी बांधली? तिथं कोण राबलं? आणि आज तिची दुरुस्ती कोणाच्या जिम्मेदारीत आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर मिळेल. दुसऱ्यासाठी आजोबांच्या, आजीच्या जवळ बसावं लागेल. तिसऱ्याचं उत्तर मात्र सहजासहजी कोणी देणार नाही, म्हणून तो प्रश्न लेखी विचारा, ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, पुरातत्त्व विभागाला. अर्जावर पाच-पंचवीस पोरापोरींच्या सह्या असल्या की कागद लवकर हलतो.

सेल्फी जरूर काढा, भाऊ. पण आधी अर्ज देऊन या.