आभार कोणाचे मानावे ?

मराठी भाषेंत आभार मानण्यास शब्द नाहींत, सबब मराठी माणसाच्या अंगीं कृतज्ञता नाहीं, असा एक सिद्धान्त आमच्या सुशिक्षित बैठकींतून वारंवार ऐकूं येतो. त्याच्या पुष्ट्यर्थ हटकून जपानी भाषेचा दाखला देण्यांत येतो. जपान्यांपाशीं आभाराचीं डझनभर वचनें, आणि आमच्यापाशीं एक कोरडा 'धन्यवाद' ! हा सिद्धान्त आम्हांस साफ खोटा वाटतो. आणि तो खोटा कां, हें त्याच दाखल्यावरून दाखवितां येतें.

जपानी मनुष्य 'आरिगातो' म्हणतो. त्याच्या मुळाशीं 'आरिगाताशि' हें विशेषण आहे. अर्थ, जें घडून येणें कठीण तें, अर्थात् दुर्लभ. (पोर्तुगीजांच्या 'ओब्रिगादो'पासून हा शब्द निघाला, ही दंतकथा होय, पोर्तुगीज जपानांत १५४३ सालीं उतरले, व शब्द त्याहून पुष्कळ जुना आहे.) दुसरें वचन 'सुमिमासेन', भाव असा कीं, हें देणें अजून फिटलें नाहीं. जेवण आटोपल्यावरचें 'गोचिसोसामा' यजमानाच्या धावपळीचें स्मरण करितें. आणि प्रकृति विचारली असतां दिलेल्या 'ओकागेसामा दे' या उत्तरांत 'आपल्या छायेमुळें' असा आशय आहे.

आतां वाचकांनीं आपल्याच आजीचें बोलणें आठवावें. 'हे उपकार कसे फेडूं ?', 'तुमचा उतराई कसा होऊं ?' यांत 'सुमिमासेन' आलें. 'अन्नदाता सुखी भव' यांत 'गोचिसोसामा' आलें. 'तुमच्या कृपेनें बरें आहे' हें तर 'ओकागेसामा'चें जुळें भावंडच. आईबापांचें ऋण सांगण्यास 'पांग फेडणें' हा स्वतंत्र वाक्प्रचार आहे. तेव्हां शब्दांचें दारिद्र्य आहे कोठें ?

आमच्या धाराशिव जिल्ह्यापुरतें पाहिलें तर ही संपत्ति वाढतेच. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, व सरकारी कारभार उर्दूंत चाले. 'मेहेरबानी' आणि 'दुवा' हे शब्द येथील शेतकऱ्याच्या तोंडीं परके वाटत नाहींत. यांतील 'दुवा' विशेष विचार करण्यासारखा आहे. ज्याच्या हातीं द्यावयास कांहीं नाहीं, तोहि दुवा देऊं शकतो. म्हणजे घेणारा तत्काळ देणारा होतो. तसाच दारीं येणारा वासुदेव. पसाभर धान्य झोळींत पडलें कीं 'दान पावलं' म्हणून तो तुळजापूरच्या भवानीपासून पंढरीच्या विठोबापर्यंत देवांचीं नांवें घेतो. दान देवास पोंचलें. दात्याचें ओझें वासुदेवाच्या डोक्यावर राहिलें नाहीं. 'आभार' या शब्दांत 'भार' उघड दिसतो. या दोन रीतींत तो नाहीं. घेणारा ताठ मानेनें पुढील दारीं जातो.

मग खोट कोठें आहे ? ती भाषेंत नसून आमच्या वर्तनांत आहे. आमचे आभार नेहमीं खालून वर जातात. वरून खालीं क्वचितच येतात. जपानी समाजांतहि उच्चनीच भाव कांहीं थोडा नाहीं; वरिष्ठांशीं बोलण्याचीं वचनें तेथेंहि निराळीं. परंतु हाताखालच्या माणसाचें काम संपलें म्हणजे त्याला म्हणावयाचें 'गोकुरोसामा' हें वचन त्यांनीं राखून ठेविलें आहे. 'कुरो' म्हणजे कष्ट. तुझे कष्ट मी पाहिले, एवढें त्यांत आहे.

आमच्याकडे काय दिसतें ? गांवचा रस्ता झाला कीं चौकांत पुढाऱ्याच्या 'जाहीर आभारा'चा भला मोठा फलक लागतो. पैसा नागरिकांच्या कराचा, आणि आभारहि नागरिकांनींच मानावयाचे ! जो आपला हक्क, त्याचे आभार मानण्याची संवय ज्या प्रजेस लागली, ती हक्क मागण्याचें हळूहळू विसरते. आणि त्याच रस्त्यावर वैशाखाच्या उन्हांत डांबर पसरणारा मजूर ? त्याचें नांव फलकावर नसतें, आणि त्याला पाण्याचा तांब्या देतांना 'फार कष्ट घेतलेस, बाबा' एवढेंहि कोणी म्हणत नाहीं.

कोणी म्हणतील, आमची कृतज्ञता अंतःकरणांत असते, तिला शब्दांचा उपचार कशाला ? ही पळवाट आहे. मोलकरणीस जुनें लुगडें दिलें आणि ती मुकाट्यानें निघून गेली, तर 'एक शब्द बोलली नाहीं' म्हणून घरांत दिवसभर चर्चा होते. तिच्या अंतःकरणांत डोकावण्याची तसदी आम्ही घेत नाहीं. ज्यांना दुसऱ्याच्या तोंडून शब्द हवा असतो, त्यांनीं आपल्या मौनास मोठेपणा देऊं नये.

घरीं आलेल्या पाहुण्यानें चॉकलेट दिलें कीं आम्ही मुलास 'थँक्यू म्हण' म्हणून टोंचतों. मुलाला तो शब्द अवश्य शिकवावा. इंग्रजी असला तरी आमची हरकत नाहीं. मात्र पहांटे दारांत दूध ठेवून जाणारा गवळी, आणि ज्या ताटांत मूल जेवतें तें ताट घासणारी बाई, यांच्याशीं तें मूल काय बोलतें, तेंहि आईबापांनीं एकदां कान देऊन ऐकावें. तेथें तें मुकें राहत असेल, तर त्याचा दोष मराठी भाषेवर घालूं नये.