बाळंतविड्याआधी ‘आशा’ताईंचा नंबर घ्या

बाळ येणार म्हटलं की घरात दुपटी, टोपडी, पाळण्याची लगबग सुरू होते. पण खरी तयारी हवी ती दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या दिवसांची.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, अनेकदा निरक्षर महिलांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. या महिला घरोघरी जाऊ लागल्या आणि बालमृत्यू घटले.

आशाताई कधी येतात?
दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ आणि स्तनपान त्या तपासतात. तरी काही घरांत ‘सव्वा महिना बाहेरचं कुणी नको’ म्हणून त्यांनाही दारातूनच परत पाठवलं जातं. गर्दी पाहुण्यांची टाळा, तपासणी नको. बाळंतपण माहेरी असेल, तर तिथल्या आशाताईंना आधीच कळवा.

कधी थांबायचं नाही?
बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल, झटके येत असतील किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर लगेच दवाखाना गाठा. गुटी, दृष्ट काढणं यात वेळ घालवू नका. १०२ची रुग्णवाहिका मोफत आहे.

दुपटी चार दिवस उशिरा आली तरी चालतील, उपचार नाही.