महिन्याला एकच किलो? मग बरोबर चालले आहे

"महिनाभर भात कमी केला, चहातली साखर दोन चमच्यांवरून एकावर आणली, रोज पहाटे अर्धा तास चालून आले, आणि काट्यावर बघते तर ७४ चे ७३!" ही तक्रार हल्ली आपल्या वस्त्यांमध्ये फार ऐकू येते, भगिनींकडून जरा जास्तच. एवढे हाल सोसून एकच किलो, मग कशाला, असे म्हणत दुसऱ्या महिन्यात चालायचे बूट पलंगाखाली जातात आणि चहात पुन्हा दोन चमचे पडू लागतात.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. महिन्याला एक किलो उतरणे हे वजन उतरण्याची बरोबर चाल आहे. ज्या ताईंचे एक किलो उतरले त्यांनी महिनाभर जेवढे केले, त्याचे पूर्ण माप त्यांच्या पदरात पडले आहे. कसे ते हिशेबानेच पाहू.

अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. चहाच्या चार कपांत एकेक चमचा साखर वाचली की ८० कॅलरी वाचतात. वाटीभर शिजलेला भात कमी केला की सव्वाशेच्या आसपास. अर्धा तास भरभर चालण्याने आणखी ऐंशी-शंभर खर्च होतात. एखादा दिवस चालणे चुकते, एखाद्या दिवशी कोणाकडे तरी जेवण असते, हे धरून रोजचे अडीचशे म्हणू. तीस दिवसांचे झाले ७,५००. म्हणजे किलोला थोडे कमीच. काट्याने ७३ दाखवले ते अगदी हिशेबाला धरून दाखवले.

आता दुसरा हिशेब करू. विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले असतात, मोबाइलवर आधीचे-नंतरचे फोटो फिरतात, आणि ओळखीपाळखीतूनच कोणीतरी पावडरीचे डबे घेऊन दारात येते. बोली सगळ्यांची एकच : पंधरा दिवसांत सात किलो. सात किलो चरबी म्हणजे जवळपास ५४,००० कॅलरी, रोजच्या साडेतीन हजारांच्या वर. घरकाम करणाऱ्या बाईचे शरीर दिवसभरात सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास खर्च करते. म्हणजे तिने पंधरा दिवस अन्नाचा कण तोंडात घातला नाही तरी सात किलो चरबी जळणार नाही. मग त्या फोटोंतले काय उतरलेले असते? जे काही उतरते त्यात मोठा वाटा पाण्याचा. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये साखरेचा थोडा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेले असते. एकदम उपाशी राहिले की हा साठा रिकामा होतो, पाणी लघवीवाटे निघून जाते आणि आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो. नीट जेवायला लागले की ते पाणी चार दिवसांत परत.

त्या एका डब्याच्या पैशात घरातल्या सगळ्यांना महिनाभर मटकी आणि अंडी पुरतील. बचत गटातून उचल घेऊन असे डबे घेतलेले आम्ही पाहिले आहेत. डबा संपतो, वजन परत येते, हप्ते तेवढे उरतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या ताईच्या मनात बसते की माझ्यातच जिद्द नाही. ती जिद्दीत कुठेच कमी पडलेली नसते. तिला माप चुकीचे दिले गेलेले असते, आणि ते देणाऱ्याने त्यावर पैसे कमावलेले असतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत काटा आणखीही खेळ करतो. सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचे पोटात गेले की मीठ अंगात पाणी धरून ठेवते. पाळीच्या आधी बऱ्याच जणींचे वजन किलो-दीड किलोने वाढते आणि नंतर आपोआप उतरते. पोट साफ झाले नाही तर तेवढेच जास्त दिसते. ज्याला सवय नाही त्याने चालायला सुरुवात केली की दुखऱ्या स्नायूंतही काही दिवस पाणी साठते. त्यामुळे आतली चरबी हळूहळू कमी होत असतानाही काटा जागेवर बसून राहू शकतो, क्वचित वरही जातो. रोज वजन करणारा माणूस रोज निराश होतो म्हणून आम्ही आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, वजन करायला सांगतो. घरात काटा नसेल तर मेडिकलवाल्याकडचा चालेल, पण दर वेळी तोच, त्याच वेळेला, साधारण तसल्याच कपड्यांत आणि चपला काढून. या काट्यावरचा आकडा त्या काट्यावरच्या आकड्याशी ताडून बघू नये.

पण आमचा खरा भरवसा शिलाईच्या टेपवर आहे. आपल्याकडे दर दोन-चार घरांआड शिलाई मशीन असते, टेप मागून आणायलाही लाज नाही. उभे राहून, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी. पोट आत ओढू नये, फसवणार तरी कोणाला? भारतीय माणसाच्या बाबतीत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे डॉक्टर सांगतात, कारण मधुमेह आणि हृदयविकार यांचे नाते पोटाभोवतीच्या चरबीशी जास्त जवळचे आहे. आपल्या घरात पौर्णिमा चुकत नाही. तेव्हा दर पौर्णिमेला सकाळी माप घ्यावे आणि कॅलेंडरवर त्याच चौकोनात लिहून ठेवावे. वजन तेच आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी, असे पुष्कळदा होते. ब्लाउज सैल होतो, जिना चढताना मध्ये थांबावे लागत नाही, रक्तदाबाचा आकडा सुधारतो. हे सगळे काट्याच्या आधी कळते, पण आपण त्याला मोजतच नाही.

वजनाच्या आकड्यावर सगळा जीव टांगणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचलेल्या ५३१ भारतीय माणसांना तीन वर्षे पाहिले. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी शंभरातल्या ५५ जणांना या काळात मधुमेह झाला. ज्यांनी खाणे सुधारले आणि चालणे वाढवले त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ३९ इतके राहिले. आणि या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. शंभरामागे सोळा माणसे त्या काळात मधुमेहापासून लांब राहिली आणि काट्याला त्याचा पत्ताही लागला नाही. यावर वजन उतरले तर उत्तमच. ७४ किलोच्या माणसाचे साडेतीन-चार किलो कमी झाले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो, त्यासाठी साठ किलोवर यावे लागत नाही.

हळूहळू उतरवण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा आहे. द्रोणभर भात जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत जेवणातल्या मापाबद्दल एक गाथा सांगतात आणि राजा पाठीमागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या मुलाला ती पाठ करून रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला लावतो. त्यासाठी रोजचे शंभर कहापण देतो! राजाचा आहार क्रमाक्रमाने कमी होत एका नाळीवर येतो आणि पुढे त्याचे अंग हलके होते. किती दिवस लागले ते कथेत दिलेले नाही, तिथे कोणी दिवस मोजत बसले नव्हते. आम्हाला या कथेत राजापेक्षा सुदस्सन महत्त्वाचा वाटतो. एवढा मोठा राजा, पण ताटावर बसल्यावर आठवण करून द्यायला त्यालाही माणूस लागला.

आपल्या ताईंना मात्र तो मिळत नाही. उलट सगळे घर विरुद्ध बाजूला ओढत असते, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ज्या आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडीवर दिवस काढले, तिच्या डोळ्यांना सून भरलेली दिसणे हेच सुख. "अंग धरलंय" ही आपल्याकडे शाबासकी आहे. चार किलो उतरले की शेजारीण काळजीने विचारते, "वाळलीस गं, बरं नाही का?" भूक माहीत असलेल्या घरात बारीक होणे म्हणजे काहीतरी बिघडणे. या प्रश्नाने जितक्या जणींनी नाद सोडला तितक्या भुकेने सोडला नसेल. दुसरी गोष्ट पातेल्याची. रांधणारी सर्वांत शेवटी बसते आणि पातेल्यात उरलेले तिच्याच पोटात जाते, कारण अन्न टाकवत नाही. तिने स्वतःच्या ताटात भात निम्मा घेतला तरी हा उरलेला भात कोण मोजणार?

म्हणून एकटीच्या निश्चयावर हे काम सोडू नये असे आमचे म्हणणे आहे. तांदूळ मापट्याने काढल्यावर एक मूठ परत डब्यात टाकली की सगळ्या घराचाच भात थोडा कमी होतो, कोणाला वेगळे ताट लागत नाही. चार माणसांच्या घराला महिन्याला दोन-अडीच लिटर तेल पुरते. किराणा आणणाऱ्या भावांनी तेवढेच आणावे, म्हणजे कढईपाशी रोज लढाई नको. चहाबरोबरची खारी आणि संध्याकाळचे फरसाण घरात आलेच नाही तर खाल्ले जाणार नाही. बुद्ध पौर्णिमेची खीर किंवा जयंतीचे जेवण यांना कोणी हात लावू नये, वर्षातल्या दोन-चार जेवणांनी वजन वाढत नाही, ते रोजच्या बशीतून वाढते. आणि डाळ, अंडी, मटकी, चणे कमी करू नयेत. त्यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, स्नायूही टिकतात.

चालण्याबद्दलही थोडे स्पष्ट बोलू. सहा घरची धुणीभांडी करून आलेल्या किंवा पहाटे साडेपाचला झाडू हातात घेणाऱ्या माणसाला "रोज फिरायला जा" म्हणणे आम्हाला पटत नाही. त्यांचे शरीर राबतेच आहे. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा कामावर मिळणाऱ्या गोड चहाचा, दुपारी जेवणाऐवजी खाल्लेल्या वडापावाचा आणि अपुऱ्या झोपेचा असतो. सोबत न्यायची भाकरी-भाजी हाच त्यांचा व्यायाम समजावा. दिवसभर बसून शिलाई करणाऱ्यांनी, रिक्षा चालवणाऱ्यांनी, नव्या इमारतीत लिफ्ट मिळालेल्यांनी मात्र चालायला हवे, आणि दोघी-तिघींनी मिळून जावे. खाली कोणी वाट बघत उभे असले की अंथरुणात पडून राहता येत नाही.

धीर धरा म्हणजे डोळे मिटून बसा, असे नव्हे. तीन पौर्णिमा गेल्या आणि वजनही हलले नाही, कंबरही नाही, तर आशाताईंना विचारून आरोग्य केंद्रात जावे. थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, चालू असलेल्या गोळ्या दाखवाव्यात, कारण स्टेरॉइडसारख्या काही औषधांनी वजन वाढते. तिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब आणि साखर सरकारी केंद्रात मोफत तपासतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी यात पडूच नये. याउलट काही न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नये. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा सारखी तहान आणि लघवी यांपैकी काही असेल तर थुंकीची आणि साखरेची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.

राहिला पातेल्यातला भात. तो कोणी खायचा हे रात्री शेवटी जेवणाऱ्या एकटीने ठरवू नये. झाकून ठेवावा, सकाळी कांदा घालून फोडणीला टाकावा आणि घरातल्या सगळ्यांनी वाटून खावा. फोडणीला तेल मात्र एकच चमचा.