वाहनांचा ‘मेंदू’ अजून परकाच

मोटारसायकल घ्यायला गेलेल्या भारतीय ग्राहकाचा पहिला प्रश्न वर्षानुवर्षे एकच राहिला आहे - ‘ॲव्हरेज किती देते?’ प्रश्न बदललेला नाही; मात्र त्याचे उत्तर आता बऱ्याच अंशी ठरते ते आसनाखाली किंवा बाजूच्या पत्र्याआड दडलेल्या तळहाताएवढ्या एका डबीत. इंजिनाला कोणत्या क्षणी किती पेट्रोल द्यायचे, ठिणगी केव्हा पाडायची, याचा निर्णय ही डबी म्हणजे ‘ईसीयू’ घेते. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती प्रामुख्याने मोटारींत आणि महागड्या दुचाकींत असे. आज शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलीलाही तिच्यावाचून चालत नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी आणि ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग बनविणाऱ्या जगभरातील कंपन्या भारताकडे डोळे लावून बसल्या आहेत, त्यामागे हा आकडा आहे.

ही बाजारपेठ ग्राहकांच्या हौसेतून उभी राहिली, असा एक समज आहे. मोटारीतील भलेमोठे पडदे आणि बोलून उघडणारी छते पाहिली की तो खराही वाटतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. भारतीय वाहनांत इलेक्ट्रॉनिक्स शिरले ते मुख्यतः न्यायालयाच्या आदेशांनी आणि सरकारी अधिसूचनांनी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी दिल्लीच्या परिसरासाठी युरोपच्या धर्तीवरील प्रदूषण निकष सक्तीचे केले आणि त्यापाठोपाठ मोटारींच्या मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवू लागली. त्या अक्षरांचा अर्थ घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होता, हा भाग वेगळा. कार्बोरेटरची जागा संगणकाच्या आज्ञेत चालणाऱ्या इंधन-फवाऱ्याने घेतली, एवढाच तो होता.

दुचाकींच्या बाबतीत हेच स्थित्यंतर वीस वर्षे उशिरा, पण एका झटक्यात झाले. ‘भारत स्टेज-४’ निकष देशभर लागू झाले एप्रिल २०१७ मध्ये. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा टप्पा आला. या निकषांत कार्बोरेटरचा निभाव लागणे अवघड होते. परिणामी इंजेक्टर, इंधनपंप, धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक, थ्रॉटलची स्थिती सांगणारा संवेदक आणि या साऱ्यांचा हिशेब ठेवणारी ईसीयू, असा सगळा संसार कोट्यवधी दुचाकींवर आला. किमती काही हजार रुपयांनी वाढल्या. जगात इतरत्र टप्प्याटप्प्याने झालेला बदल येथे जेमतेम तीन वर्षांत उरकला गेला.

सुरक्षेच्या साधनांची कथाही तीच. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना ‘एबीएस’ म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याच वर्षी १ जुलैपासून मोटारींत चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी सूचना, वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेताना अडथळा सांगणारे संवेदक बंधनकारक झाले. शहरांतील सोसायट्यांच्या वाहनतळांत रात्री-अपरात्री ऐकू येणारी ‘बीप बीप’ ही त्या अधिसूचनेचीच देणगी म्हणायची.

म्हणजे या उद्योगाचा मागणीचा अंदाज ग्राहकाच्या खिशापेक्षा दिल्लीतील परिवहन मंत्रालयाच्या दिनदर्शिकेवर अवलंबून असतो. आणि ती दिनदर्शिका डळमळली की सगळेच डळमळते. प्रत्येक मोटारीत सहा एअरबॅग असाव्यात, असा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला. मुदत पुढे ढकलून ऑक्टोबर २०२३ करण्यात आली आणि ती उजाडण्यापूर्वीच, ही सक्ती करणार नसल्याचे मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केले. त्या भरवशावर क्षमता वाढविणाऱ्यांनी काय करायचे? सरसकट सर्व नव्या दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदा जून २०२५ मध्ये निघाला, तेव्हा किंमत वाढेल आणि इतक्या अल्प मुदतीत एवढे सुटे भाग मिळणार नाहीत, अशी हरकत उत्पादकांनी घेतली. ती अगदीच निराधार नव्हे. पण २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती, हेही तितकेच खरे. सर्वाधिक गरज आहे तेथेच हे उपकरण सर्वांत महाग वाटते.

वरच्या थरातील गिऱ्हाईक मात्र अधिसूचनेची वाट पाहत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’च्या तारांकनाने मोटारींच्या जाहिराती सजू लागल्या आहेत. आपोआप ब्रेक लावणारी, मार्गिका सोडताच इशारा देणारी यंत्रणा मध्यम किमतीच्या मोटारींतही मिळू लागली आहे. आपल्याकडील मार्गिका आणि त्यांतून चालणारी वाहतूक पाहता तिचा किती उपयोग होतो, हा स्वतंत्र विषय ठरावा.

आता प्रश्न असा की, या वाढत्या बाजारपेठेचा मलिदा जातो कोठे? जुळणी बहुतांशी येथेच होते. बॉश, डेन्सो यांसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचे कारखाने देशात आहेत. डबीचे प्लास्टिक, वायरिंग, मंडल-पट्टीवरील जोडकाम हे सारे भारतात होऊ शकते आणि होतेही. पण त्या पट्टीवरची चिप येते ती परदेशातून. एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नाही. २०२१ मध्ये ते आले. करोनाच्या पहिल्या लाटेत वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या, चिप उत्पादकांनी आपली क्षमता संगणक आणि मोबाइलकडे वळविली आणि वाहनांची मागणी परतली तेव्हा रांगेत शेवटचा क्रमांक मिळाला. मारुती सुझुकीने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नेहमीच्या सुमारे ४० टक्केच उत्पादन होईल, असे आधीच जाहीर केले. इंजिन, पत्रा, टायर, कामगार, ग्राहक सर्व तयार. अडले ते नखाएवढ्या चिपसाठी.

त्यातून धडा घेतला म्हणावा, तर २०२५ मध्ये दोनदा तीच वेळ आली. एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि विजेवरच्या दुचाकींच्या मोटारींचा पुरवठा आटला. सप्टेंबरअखेर नेदरलँड्स सरकारने चिनी मालकीच्या ‘नेक्स्पीरिया’ या चिप कंपनीच्या कारभारावर नियंत्रण आणले, त्याला उत्तर म्हणून चीनने तिच्या तेथील कारखान्यातून होणारी निर्यात रोखली, आणि काही रुपये किमतीच्या डायोड-ट्रान्झिस्टरपायी जगभरच्या वाहन कंपन्यांचे धाबे दणाणले.

या पार्श्वभूमीवर पुण्याचे चित्र विशेष लक्षणीय ठरते. वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करते. ‘केपीआयटी’ ही येथील कंपनी होंडा, रेनो यांसारख्या कंपन्यांसाठी वाहनांचे सॉफ्टवेअर लिहिते. ‘बीएमडब्ल्यू’ने २०२४ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजशी भागीदारी केली ती याच मनुष्यबळासाठी. जर्मनीतील महामार्गावर धावणाऱ्या मोटारीने केव्हा ब्रेक लावावा, याची आज्ञावली हिंजवडीत लिहिली जाऊ शकते. चाकणमध्ये तयार होणाऱ्या वाहनाच्या चिपसाठी मात्र जपान, तैवान किंवा युरोपकडे पाहावे लागते. बुद्धी येथली आणि ती ज्यात वसते तो मेंदू परका, असा हा विचित्र व्यवहार आहे.

तो बदलण्याचे प्रयत्न चालू नाहीत असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा समूह आणि तैवानची ‘पीएसएमसी’ यांच्या गुजरातेतील धोलेरा येथील ९१ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता मिळाली. तेथील २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप मोबाइलसाठी जुन्या ठरतील, वाहनांसाठी नव्हे. हे धोरण शहाणपणाचे आहे. मात्र वाहनातील चिपला उणे ४० ते १२५ अंश तापमान, खड्डे, धूळ आणि ओल सोसत वर्षानुवर्षे चालावे लागते. त्या कसोट्या पार करून वाहन कंपनीचा विश्वास मिळवायला काळ लागतो. अनुदानाने कारखाना लवकर उभा राहील, हा काळ आखडणार नाही.

या सगळ्या आकडेमोडीत एका घटकाचा विचार अभावानेच होतो. तो म्हणजे रस्त्याकडेचा मेकॅनिक. कार्बोरेटरचे ट्यूनिंग कानाने करणारा, प्लग पॉलिश पेपरने घासून गाडी चालू करून देणारा हा माणूस भारतीय दुचाकीचा खरा आधार. नव्या गाडीच्या काट्याशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की त्याचे ज्ञान तेथेच थांबते. दोष कोठे आहे हे सांगणारा स्कॅनर हवा. तो मिळाला तरी प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर त्याला सर्व काही सांगेलच असे नाही. सुटे भाग आणि तपासणी उपकरणे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, या कारणासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलांत गुरफटले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीचा हक्क’ देणारे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे. पण पोर्टल माहिती देते, कंपन्यांवर सक्ती करीत नाही. तोवर शंभर सीसीच्या गाडीवर उद्या एबीएस आले आणि तालुक्याच्या गावात चाकाजवळचा संवेदक चिखलाने बंद पडला, तर मालकाला जिल्ह्याच्या ठिकाणचे अधिकृत केंद्र गाठावे लागेल. नाही तर गावचा मेकॅनिक ती वायर काढून ठेवील आणि गाडी पूर्वीसारखी चालू करून देईल.