सिंगरेणीची जुनी दप्तरे कोणाची?

सिंगरेणी म्हटले की आपल्या लोकांना कोळसा, संप आणि निवडणुका एवढेच आठवते. पण या कंपनीच्या जुन्या कागदपत्रांशी आपणा हैदराबादी मराठी माणसांचे जवळचे नाते आहे, आणि त्याबद्दल आपण पूर्ण उदासीन आहोत.

1871 साली डॉ. विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा सापडला. 1886 मध्ये निजामाच्या मुलखातील खनिजांचे हक्क लंडनमध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीकडे गेले. भांडवल दहा लाख पौंडांचे जाहीर झाले, परंतु बहुतेक शेअर्स हक्क मिळवणाऱ्यांनी रोख न भरताच आपल्या नावे करून घेतले. निजाम सरकारचे बडे अधिकारी सरदार अब्दुल हक यांनी तर आपल्याच वाट्याचे शेअर्स चढ्या भावाने सरकारच्या गळ्यात मारले. 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने याची चौकशी केली. हे सारे आज आपल्याला कळते, कारण भागधारकांची नोंदवही, पत्रव्यवहार आणि साक्षी टिकून राहिल्या. ज्यांचा जन्म खतावण्यांत गेला, त्या आमच्यासारख्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. माणसे बोलताना विसरतात, जमाखर्च विसरत नाही.

पुढे 1920 मध्ये सिंगरेणी कॉलियरीज कंपनी स्थापन झाली आणि 1945 मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य शेअर्स विकत घेतले. आपला मुद्दा येथे येतो. हे शेअर्स ज्या खजिन्यातून घेतले, त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याचा सारा भरला जात होता. 1956 मध्ये राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कंपनी आंध्र प्रदेशाकडे आली. 2014 पासून तिचे 51 टक्के शेअर्स तेलंगणाकडे व 49 टक्के केंद्राकडे आहेत. आम्ही आज त्या शेअर्सवर हक्क सांगत नाही. तो व्यवहार संपला. पण त्या व्यवहाराचा हिशेब वाचण्याचा हक्क संपलेला नाही.

कंपनी कायदा 2013 नुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपली की कंपनीची जबाबदारी संपते. सभासदांची नोंदवही तेवढी कायमची ठेवावी लागते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची हजेरीपुस्तके, पगारपत्रके आणि अपघातांच्या नोंदी टिकणे न टिकणे हे केवळ साहेबांच्या मर्जीवर! खाणीत उतरलेल्या मजुराचे नाव शेअरच्या वहीत नसते. ते हजेरीपुस्तकातच असते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कंपनीने आपल्या जुन्या दप्तरांची यादी जाहीर करावी, ती तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात सुरक्षित ठेवावीत आणि अभ्यासकांना खुली करावीत. कंपनी सरकारी आहे, माहिती अधिकार कायदा 2005 तिला लागू आहे. मंडळाने या कायद्याखाली रीतसर अर्ज करावा, अशी आमची सूचना आहे.

आणि थोडे घरातलेही. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी निजामाच्या रेल्वेत, महसूल खात्यात, खजिन्यात नोकरी केली. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची नेमणूकपत्रे आणि उर्दू-मोडीतले कागद पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. आधी मंडळाच्या कार्यालयात दाखवा. वाचणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम उरकले पाहिजे.