कानात कापूस घालून भागणार नाही



ज्वारीच्या मळणीचे मशीन खळ्यावर लागले की आपल्या नांदगाव तालुक्यात कणसे लोटणाऱ्याच्या कानात कापसाचा बोळा आणि वरून करकचून बांधलेले उपरणे हमखास दिसते. कापूस आपल्याच रानातला, म्हणून भरवसाही मोठा. पण कोरडा कापूस आवाज फार तर पाच-सात डेसिबलने कमी करतो. उपरण्याने धूळ अडते, एवढेच.

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम चालते असे मानले, तर ८८ मध्ये चार तास, ९४ मध्ये एक तास आणि १०० मध्ये फक्त पंधरा मिनिटे. केबिन नसलेला ट्रॅक्टर भार घेऊन चालला की ड्रायव्हरच्या कानाशी आवाज ९० च्या पुढे सहज जातो. मळणीयंत्राचेही तेच. मोजायला मीटर नसेना का, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले की ८५ ओलांडले असे समजा.

कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या ज्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही. आधी पाखरांचा आवाज जातो, मग लेकराबाळांचा. घरचे म्हणतात, 'म्हातारा सोयीचे तेवढेच ऐकतो.' म्हातारा बिचारा ढोंग करत नसतो.

कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना अवजारांचा घसारा धरतो. ट्रॅक्टर दरवर्षी झिजतो हे सरकारला मान्य आहे. ट्रॅक्टरवर बसणाऱ्याचा कान झिजतो, तो कोणत्या रकान्यात मांडला? १९४८ च्या कारखाने कायद्याने आवाजाने येणारा बहिरेपणा सरकारला कळवण्याच्या आजारांत घातला, पण आमचे खळे कारखाना नव्हते. १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला तो मळणीयंत्रासाठीच, उत्तरेत गव्हाच्या मळणीत माणसांचे हात जाऊ लागले म्हणून. तुटलेला हात निदान दिसला तरी. २०१७ साली यवतमाळात कापसाच्या फवारणीत वीसहून अधिक माणसे विषबाधेने गेली, तेव्हा कुठे हातमोजे आणि मास्क यांची चर्चा झाली. कानाने कोणी मरत नाही, मग त्याची पाळी कधी यायची?

म्हणून आमचे म्हणणे असे, की सरकारची वाट न पाहता कान झाका, पण काम पाहून झाका. काळ्या रानाचे वाण आपण मुरमाडावर पेरत नाही, तसेच हे.

मळणी दोन दिवसांची असेल तर स्पंजची बुचे पुरतात. चहा-भज्याच्या पैशात जोड येतो. मात्र ती घालण्याची रीत आहे. हात धुवा, बूच चिमटीत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बूच आत सारा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. अर्धे बाहेर लोंबणारे बूच आणि कापसाचा बोळा यांत फरक नाही. पाकिटावर ३० डेसिबल लिहिले असले तरी प्रत्यक्षात निम्मेच धरा.

ट्रॅक्टरवर चढउतार करणाऱ्याला हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ बरे. ते कातडीला चिकटून बसले पाहिजेत, उपरण्यावरून किंवा पदरावरून नव्हेत. ज्याचा कान वाहतो त्याने बूच अजिबात घालू नये, आधी डॉक्टरला दाखवावे आणि मफच वापरावा. पाठीवरच्या पेट्रोल पंपाने फवारणी करताना इंजिन कानामागेच असते. तिथेही मफ बरा, कारण औषधाच्या हाताने बूच चाळवणे म्हणजे विष कानात घालणे.

कानाच्या मापाने साचा घेऊन केलेले बूच मिळते, पण ते सगळ्यांनी घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. श्रवणयंत्राचा साचा जिथे बनतो तिथे ते करून मिळते. कानात लगदा भरतात, तो घट्ट झाला की काढतात आणि त्यावरून बूच बनवतात. खर्च हजारांच्या घरात जातो. एकाचे दुसऱ्याला चालत नाही, डाव्या कानाचे उजव्यालाही नाही. मशीन घेऊन गावोगाव हंगामभर फिरणारा, जिनिंगमध्ये महिनोन्‌महिने उभा राहणारा, अशांना ते परवडते, कारण दिवसभर खुपत नाही आणि म्हणून काढून खिशात जात नाही. दोन एकर ज्वारीवाल्याने त्या पैशात खत घ्यावे.

सगळे ऐकणे बंद करणे हेही संकटच. लोटणाऱ्याचा हात ओढला गेला आणि ड्रायव्हरला आरोळी ऐकू आली नाही तर? मळणी सुरू करण्याआधी हाताची खूण ठरवा आणि ड्रायव्हरने खळ्याकडे तोंड करूनच उभे राहावे. रस्त्याला लागताना, रेल्वे फाटक ओलांडताना मफ उतरवा. रात्रीच्या पाण्याला, रानडुकरांच्या राखणीला कान उघडाच हवा. आणि लग्नातल्या डीजेवर उपाय फुकटचा आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की सहा डेसिबल उतरतात. पण नवरदेवाच्या मामाला हे सांगणार कोण!

आता पैशाचे. मळणीचा दर पोत्यामागे ठरतो, त्यात डिझेल आणि ड्रायव्हर येतो. त्यातच मशीनबरोबर मफचे चार जोड आले पाहिजेत, ते मशीनवाल्याने टांगून आणावेत. कणसे लोटायला बहुतेक बायाच असतात, त्यांना आधी. एकाच माणसाला दिवसभर मशीनच्या तोंडाशी उभे करू नये, तासाला पाळी बदलावी. मशीनवाले आपल्यातलेच आहेत, त्यांचेही कान तिथेच असतात. येत्या बैठकीत तालुक्याचा दर ठरेल तेव्हा ही अट दराबरोबर लिहून घ्यावी आणि बैठकीला ड्रायव्हरांनाही बोलवावे.